ट्विटला ३१ महिने, भाषणाला सुटका: ब्रिटनच्या न्यायात पंक्तिप्रपंच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२४च्या दंगलींच्या वेळी एका बाईने रागाच्या भरात ट्विट केलं, तिला ३१ महिने. मजूर पक्षाच्या एका नगरसेवकाने भर गर्दीत गळे चिरायची भाषा केली, तो निर्दोष. वर सरकार तुरुंगातल्या गुन्हेगारांना मुदतीआधी सोडतंय. मग ब्रिटनमध्ये डाव्यांना एक न्याय आणि उजव्यांना दुसरा, असं म्हटलं तर चुकलं काय? आणि इथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी अशा वादात किती पडावं?

मी इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यांत बचावाचं काम करतो. मध्यरात्री पोलीस ठाण्यातून ज्याला फोन येतो, तो ड्यूटी सॉलिसिटर. त्यामुळे सरकारी बाजूची वकिली माझ्याकडून अपेक्षित नाही आणि मी ती करणारही नाही. माझं उत्तर एवढंच, की पंक्तिप्रपंच आहे, पण तुम्ही दाखवता त्या ठिकाणी नाही. पक्ष बघून पान वाढलं जात नाही. ज्याला खटला उभा राहीपर्यंत थांबणं परवडतं आणि ज्याला ते परवडत नाही, त्यांच्या पानात वेगवेगळं पडतं.

आधी ते दोन खटले नीट मांडू. वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचले असावेत असं मला वाटतं.

२९ जुलै २०२४ रोजी साऊथपोर्टमध्ये लहान मुलींच्या नाचाच्या वर्गात चाकूहल्ला झाला, तीन मुली गेल्या. हल्लेखोर बाहेरून आलेला असल्याची खोटी अफवा पसरली आणि पुढच्या दिवसांत स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या. हल्ल्याच्याच संध्याकाळी नॉर्थॅम्प्टनमधल्या, हुजूर पक्षाच्या नगरसेवकाच्या पत्नीने ट्विट टाकलं: सगळ्या स्थलांतरितांना हाकलून द्या, ते राहतात त्या हॉटेलांना आगी लावल्या तरी मला त्याचं काही नाही, अशा आशयाचं. साडेतीन-चार तासांत तिने ते काढलं. तोवर ते तीन लाखांवर वेळा पाहिलं गेलं होतं. पुढच्या रविवारी, ४ ऑगस्टला, रॉदरहॅममध्ये आश्रय मागणारे लोक राहत असलेल्या हॉटेलला जमावाने खरोखरच आग लावण्याचा प्रयत्न केला. त्या ट्विटमुळे ती आग लागली असं कुणीही सिद्ध केलेलं नाही, तसा आरोपही नव्हता. पण शिक्षा ठरवताना न्यायाधीश सभोवतालचं वातावरण बघतो आणि तेव्हाचं वातावरण हे असं होतं.

तिच्यावर आरोप होता १९८६च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम १९चा, म्हणजे लेखी मजकुरातून वांशिक द्वेष चेतवण्याचा. कमाल शिक्षा सात वर्षं. हा खटला पोलिसांना आपल्या मनाने चालवता येत नाही, ॲटर्नी जनरलची, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च कायदा सल्लागाराची, संमती लागते. तिने गुन्हा कबूल केला. गुन्हा कबूल केला की ज्युरी बसत नाही. मग उरते ती फक्त बेरीज-वजाबाकी. मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रकाराला सुरुवातच तीन वर्षांपासून होते आणि दोन ते सहा वर्षांपर्यंत जागा असते. बर्मिंगहॅमच्या न्यायाधीशांनी सगळं धरून ४२ महिने काढले, कबुलीबद्दल २५ टक्के वजा केले, ३१ महिने आले. ऑक्टोबर २०२४ची ही गोष्ट. मे २०२५ मध्ये अपील कोर्टाने तिचं अपील फेटाळलं. गंभीर हिंसा चेतवण्याचा हेतू होता, हे कबुलीत आपोआप मान्य होतंय, हे आपल्याला कळलंच नव्हतं, असं तिचं म्हणणं होतं. कोर्टाला ते पटलं नाही.

आता नगरसेवक. ७ ऑगस्टला वॉल्थमस्टोमध्ये दंगलखोरांच्या विरोधात हजारो लोक जमले होते. तिथे ध्वनिक्षेपक हातात घेऊन हे गृहस्थ बोलले, गळ्यावरून बोट फिरवलं, त्याचा व्हिडिओ झाला. पक्षाने निलंबित केलं, पोलिसांनी पकडलं. आरोप होता हिंसक दंग्याला प्रोत्साहन देण्याचा. त्यांनी गुन्हा नाकारला. आपण रेल्वेत लावलेल्या, मागे ब्लेड लपवलेल्या स्टिकरबद्दल आणि ते लावणाऱ्यांबद्दल बोलत होतो, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये स्नेअर्सब्रुक क्राऊन कोर्टाच्या (गंभीर गुन्हे ज्युरीसमोर चालतात ते कोर्ट) ज्युरीने अर्ध्या तासाच्या आसपास विचार करून त्यांना सोडलं.

म्हणजे कलमं वेगळी, सिद्ध करायच्या गोष्टी वेगळ्या, आणि निकाल देणारेही वेगळे. एकीकडे न्यायाधीश, दुसरीकडे मतदारयादीतून चिठ्ठी पडावी तशी निवडलेली बारा माणसं. त्या बारा जणांना ना पंतप्रधान ओळखत, ना ॲटर्नी जनरल. नगरसेवकाला वाचवण्यासाठी सरकारने काही केलं म्हणायचं, तर आधी खटलाच का भरला आणि वर्षभर का चालवला, याचं उत्तर द्यावं लागेल. ज्युरीच्या जागी मी असतो तर? व्हिडिओ पाहून माझी भुवई नक्की वर गेली असती. पण मी तिथे नव्हतो, साक्षी मी ऐकलेल्या नाहीत आणि ज्युरी कारणं देत नाही. बंद खोलीत काय बोलणं झालं हे बाहेर सांगणं हाच इथे गुन्हा आहे.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. तिने गुन्हा नाकारला असता, ज्युरीसमोर उभी राहिली असती, तर? कदाचित सुटली असती, कदाचित पूर्ण ४२ महिने खाल्ले असते. हा जुगार आहे. तो खेळायचा की नाही हे माणूस कुठे बसून ठरवतो, यावर बरंच अवलंबून असतं. घरी, जामिनावर, चहा पीत ठरवणं निराळं, आणि तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत ठरवणं निराळं. त्या ऑगस्टमध्ये दंगलीशी संबंधित आरोपींना जामीन मिळणं फार कठीण होतं. कोठडीतला माणूस वकिलाला पहिला प्रश्न कायद्याचा विचारत नाही. तो विचारतो, ‘घरी कधी?’

मग आम्ही हिशेब मांडतो. पहिल्याच संधीला कबूल केलं तर शिक्षेत एक तृतीयांश सूट. नंतर कबूल केलं तर पाव. खटल्याच्या दिवशी कबूल केलं तर दहावा हिस्सा. कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. किरकोळ शिक्षा होणारी केस असेल तर नाकारणाऱ्याची खटल्याची तारीख येईपर्यंत कबूल करणारा सुटून घरी गेलेला असतो. कोठडीत ठेवून क्राऊन कोर्टात खटला चालवायचा तर कायद्यात १८२ दिवसांची मर्यादा आहे, पण न्यायाधीश ती वाढवू शकतो आणि वाढवतो. २०१९च्या अखेरीस क्राऊन कोर्टात सुमारे ३८ हजार खटले तुंबले होते. २०२५ मध्ये तो आकडा ७८ हजारांच्या वर गेला. जामिनावर असलेल्यांच्या तारखा तर वर्षा-वर्षांनी पुढे जातात. ज्या माणसाची बाजू ज्युरीला पटू शकली असती असा माणूस केवळ हा हिशेब बघून ‘गिल्टी’ म्हणतो, हे मी पाहिलेलं आहे आणि त्याला थांबवण्याइतकं ठोस माझ्या हातात काही नव्हतं. त्यात गोरे होते, काळे होते, आपले होते. कुणी कुणाला मत दिलं होतं हे मी विचारलं नाही.

अशा वेळी वकिलाने एक गोष्ट न चुकता करायची असते. गुन्हा कबूल करताना नेमकं काय कबूल आहे आणि काय नाही, हे लिहून द्यायचं. ‘मी लिहिलं, पण आग लावावी असा माझा हेतू नव्हता’ असं लेखी दिलं आणि सरकारी पक्षाने ते नाकारलं, तर न्यायाधीश ज्युरीशिवाय तेवढ्याच मुद्द्यावर पुरावा ऐकतो. याला न्यूटन हिअरिंग म्हणतात. वर्तमानपत्रात हे कधी येत नाही, पण शिक्षेची वर्षं पुष्कळदा इथेच ठरतात.

आता ‘हे स्टार्मर आल्यापासून, म्हणजे २०२४ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आल्यापासून सुरू झालं’ या म्हणण्याकडे येऊ. ऑगस्ट २०११ मध्ये टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीने एक माणूस मेला आणि लंडनपासून मँचेस्टरपर्यंत दुकानं लुटली गेली. पंतप्रधान होते डेव्हिड कॅमेरॉन, हुजूर पक्षाचे. तेव्हा चेशायरच्या दोन तरुणांनी फेसबुकवर आपापल्या गावात दंगल करायचं आवाहन केलं. दंगल झालीच नाही, एकाने ठरवलेल्या जागी तर पोलीसच हजर होते. दोघांना चार-चार वर्षं. अपील कोर्टाने ती कायम ठेवली आणि सांगितलं, की सार्वत्रिक दंगलीच्या काळात नेहमीच्या मापापेक्षा जास्त शिक्षा देणं योग्यच आहे. ब्रिक्स्टनमध्ये साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलणाऱ्या विद्यार्थ्याला सहा महिने सुनावले गेले. त्या वेळी सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख होते किअर स्टार्मर, म्हणजे पुढे मजूर पक्षाचे नेते झालेले स्टार्मर हुजूर पंतप्रधानाच्या काळात तेच करत होते. रात्रीची कोर्टं भरवली गेली, जामीन नाकारले गेले. तेव्हा ‘कडक शिक्षा हवी’ म्हणणाऱ्या वर्तमानपत्रांतली काही २०२४ नंतर ‘शब्दांसाठी तुरुंग?’ असं विचारू लागली. २०११ मध्ये हळहळणारी काही मंडळी २०२४ मध्ये टाळ्या वाजवत होती. इंग्रज न्यायाधीश दंगलीच्या काळात कठोर होतो. दंगल कुणाची आहे हे त्यात दुय्यम.

मुदतीआधी सुटकेचा मुद्दा लवकर संपतो. ट्विट करणाऱ्यांना जागा करून देण्यासाठी गुन्हेगार सोडले, असं बोललं जातं. ती योजना तेव्हाच्या न्यायमंत्री शबाना महमूद यांनी १२ जुलै २०२४ला जाहीर केली, साऊथपोर्टच्या सतरा दिवस आधी. पुरुषांचे तुरुंग जवळजवळ भरले होते. तेव्हा नेहमी अर्धी शिक्षा भोगली की उरलेली बाहेर देखरेखीखाली काढायची असे, ते प्रमाण काही गुन्हे वगळून ४० टक्क्यांवर आणलं. १० सप्टेंबरला पहिली तुकडी बाहेर आली. आणि गंमत अशी, की या ४० टक्क्यांचा फायदा त्या ट्विटवाल्या बाईलाही मिळाला. ३१ महिन्यांपैकी वर्षभर काढून ती ऑगस्ट २०२५ मध्ये घरी आली. माझं मत विचारलंत तर पहिल्याच गुन्ह्याला, पोस्ट स्वतःहून काढलेली असताना, ३१ महिने मला जड वाटतात. कायद्याच्या चौकटीत ते बसतात, अपील कोर्टाने तसं सांगितलंही. पण चौकटच जड असू शकते, आणि ती बदलण्याचं काम संसदेचं आहे.

उजव्या बाजूच्या तक्रारीत तथ्य असलेली एक जागा आहे, तीही सांगितली पाहिजे. २०२५च्या वसंतात शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या सेंटेन्सिंग कौन्सिलने सुचवलं, की काही गटांतल्या आरोपींबद्दल, ज्यांत वांशिक व धार्मिक अल्पसंख्याकही आले, शिक्षेआधी त्यांच्या परिस्थितीबद्दल प्रोबेशन अधिकाऱ्याचा (गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) अहवाल साधारणपणे मागवावा. अहवाल म्हणजे सूट नव्हे. पण ज्याचा अहवाल येतो त्याची परिस्थिती न्यायाधीशाला दिसते, ज्याचा येत नाही त्याची दिसत नाही. हुजूर पक्षाचे तेव्हाचे छाया न्यायमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी यावर रान उठवलं. मजूर पक्षाच्या न्यायमंत्र्यांनीही विरोध केला आणि अंमल सुरू होण्याच्या तोंडावर ते थांबलं. जूनमध्ये संसदेने कायदाच करून ती वाट बंद केली. माझ्या मते अहवाल सगळ्यांचाच मागवावा. पण त्याला माणसं लागतात, आणि प्रोबेशन खात्यात माणसं नाहीत. पुन्हा गाडी तिथेच येते.

आणि आता ज्युरी. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी प्रस्ताव मांडला, की ज्या खटल्यांत तीन वर्षांपर्यंतच शिक्षा होण्याचा संभव आहे, ते एकट्या न्यायाधीशाने ऐकावेत. तुंबलेले खटले निपटायला हवेत हे कारण. याच लॅमींनी २०१७च्या आपल्या अहवालात लिहिलं होतं, की अल्पसंख्याकांना जिथे भेदभाव न होता निकाल मिळतो, अशा थोड्या जागांपैकी ज्युरी ही एक. आम्हा बचावाच्या वकिलांमध्ये यावर जे बोललं जातं ते इथे छापता येणार नाही.

ज्युरीवर रुसणारे आलटून पालटून बदलतात. जून २०२० मध्ये ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या कोल्स्टनचा पुतळा पाडून बंदरात ढकलला गेला. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने चौघांना निर्दोष ठरवलं, तेव्हाही उजव्या बाजूने आरडाओरडा झाला होता आणि तेव्हाच्या ॲटर्नी जनरल सुएला ब्रेव्हरमन कायद्याचा मुद्दा घेऊन अपील कोर्टात गेल्या. पण पुरावा दिसत असूनही न्यायाधीशाच्या मर्जीविरुद्ध निर्दोष म्हणण्याचा ज्युरीचा हक्क इथे १६७० पासूनचा आहे. विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या (एक ख्रिस्ती पंथ) प्रचारकाला दोषी ठरवायला नकार दिला म्हणून ज्युरीतल्या माणसांना अन्नपाण्यावाचून कोंडलं, दंड केला. त्यातला एडवर्ड बुशेल वरच्या कोर्टात भांडला आणि जिंकला. तेव्हापासून निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येत नाही.

मराठी वाचकाला ज्युरीची दुसरी बाजूही माहीत असते. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर ‘केसरी’तल्या लेखांबद्दल खटला चालला. कलमं होती १२४-अ आणि १५३-अ, आणि यातलं दुसरं म्हणजे समाजा-समाजांत वैर पसरवण्याचं. आज ज्या कलमावरून ब्रिटनमध्ये वाद चालू आहे, त्याचं हे जुनं भावंडच. ज्युरीत नऊ जण, सात युरोपीय आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली, जी मंडालेत भोगावी लागली. १९५९च्या नानावटी प्रकरणात, नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात, उलटं झालं. ज्युरीने आठ विरुद्ध एकने निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. भारतातून ज्युरी पुढे गेलीच. म्हणून ‘बारा सामान्य माणसं म्हणजे न्याय’ असं मी भाबडेपणाने म्हणणार नाही. ज्युरीत कोण बसतं यावर सगळं आहे. आजच्या लंडनच्या ज्युरीत बस ड्रायव्हर, बँकवाला, हिजाब घातलेली विद्यार्थिनी आणि निवृत्त प्लंबर शेजारी शेजारी बसलेले दिसतात. १९०८च्या मुंबईशी त्याची तुलना होत नाही. त्या बाराजणांसमोर माझ्या अशिलाला उभं करताना मला जेवढा भरवसा वाटतो, तेवढा दिवसभरात चौथा खटला ऐकणाऱ्या एकट्या न्यायाधीशासमोर वाटेल की नाही, याची मला शंका आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आपण किती बोलावं. मत कितीही कडक असो, मांडा. स्थलांतर बंद करा, सरकार नालायक आहे, न्यायाधीश चुकला, यातलं काहीही इथे गुन्हा नाही. धोका आहे तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे कुठल्या तरी जमातीवर किंवा जागेवर हिंसा व्हावी असं लिहिणं, मग ते चेष्टेत असो की ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड’ असो. दुसरं म्हणजे चालू खटल्यातल्या आरोपीबद्दल ठोकून दिलेली माहिती. १९८१च्या कंटेम्प्ट ऑफ कोर्ट ॲक्टप्रमाणे अटक झाली की प्रकरण ‘चालू’ मानलं जातं. त्यानंतर खटल्यावर गंभीर परिणाम होऊ शकेल असं काही छापलं तर हेतू नव्हता ही सबब चालत नाही. हे फक्त वर्तमानपत्रांना लागू आहे, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

साऊथपोर्टमध्ये हल्लेखोर सतरा वर्षांचा असल्याने त्याचं नाव सुरुवातीला सांगितलं गेलं नाही. त्या पोकळीत कुणीतरी एक खोटं मुस्लिम नाव सोडलं, होडीतून आलेला स्थलांतरित म्हणून. दुसऱ्याच दिवशी गावातल्या मशिदीवर हल्ला झाला. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. १ ऑगस्टला लिव्हरपूलच्या न्यायाधीशांनी नाव छापायला परवानगी दिली, तोवर आग पसरली होती. इथे यंत्रणेची चूक मला स्पष्ट दिसते. गप्प बसण्याचे नियम ज्या काळात केले, त्या काळात अफवेला गावभर फिरायला दिवस लागत असे. वर्षभराने पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना निघाली, की गाजणाऱ्या प्रकरणांत आरोप ठेवल्यावर संशयिताचं राष्ट्रीयत्व आणि वंश सांगण्याचा विचार करावा, हे बरं झालं. आणि ‘हे गोऱ्यांचं भांडण’ म्हणून आपण हात झटकू नयेत. २०२२ मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर लेस्टरमध्ये हिंदू-मुस्लिम तरुणांत जी हाणामारी झाली, त्यात खोट्या बातम्या आणि जुने व्हिडिओ फिरवणारे हात आपल्याही देशातले होते.

ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: १२ महिने. तेवढी किंवा त्याहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झाली, तर २००७च्या यूके बॉर्डर्स ॲक्टप्रमाणे परत पाठवण्याची प्रक्रिया आपोआप सुरू होते. अपवाद आहेत, पण थोडे. कायम वास्तव्याचा परवाना असला तरी तो यातून वाचवत नाही. म्हणजे जी पोस्ट टाकून ब्रिटिश नागरिक वर्षभर तुरुंगात जाऊन घरी परत येतो, तीच टाकून तुम्ही घर, नोकरी आणि मुलांच्या शाळा सोडून मुंबईच्या विमानात बसू शकता.

आणि पोलिसांनी ‘फक्त थोडं बोलायचंय, अटक नाही’ म्हणून बोलावलं, तरी एकट्याने जाऊ नका. पोलीस ठाण्यातल्या चौकशीत वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो, व्हिसा कुठलाही असो. ‘माझं काही चुकलेलं नाही, मग वकील कशाला’ असं म्हणून आत गेलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग नंतर ऐकायला मलाच बसावं लागतं.